आर्किटेक्ट बोरस्ते चपळ होतात

११ नोव्हेंबर २००५, शुक्रवार. बंगलोर.

अ‍ॅजाइल परिषदेचा पहिला दिवस. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ; सॉफ्टवेअर बनवायची नवी पद्धत. आयुष्याची एकोणचाळीस वर्षं फुकट गेली याची खात्री पटली. फुकट म्हणजे नाशकात.

इथे एवढे लोक आहेत, पण एकानेही ‘आमचा प्रिंटर बघता का जरा’ असं विचारलं नाही. काउंटरवरच्या मुलीने बिल्ल्यावर हुद्दा काय छापू म्हणून विचारलं. आर्किटेक्ट, म्हटलं. ऑफिसच्या कार्डावर सीनियर प्रोग्रॅमर आहे, पण ती कार्डं निकम साहेबांनी लग्नपत्रिकावाल्याकडून छापून घेतली आहेत. ‘नवनाथ बोरस्ते, सॉफ्टवेअर आर्किटेक्ट.’ बिल्ला गळ्यात घातला आणि चाल बदलली. लॉबीतल्या आरशात दोनदा पाहिली.

मुख्य भाषण एका दाढीवाल्या परदेशी माणसाचं. सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर आधी आखून ठेवू नका, म्हणाला; काम करता करता ते आपोआप उगवतं. हे पटलं नाही. उगवायला ती काय मेथी आहे? बाकी सगळं पटलं.

संकल्प: नाशिक अ‍ॅजाइल करायचं. पुढच्या वर्षी खुर्चीत नाही, स्टेजवर. गोड बंद.

१२ नोव्हेंबर. बंगलोर.

गोड नाशकात गेल्यावर बंद. इथे नाही म्हटलं तर वाढपी ओळखतात, बाहेरचा आहे.

प्रश्न विचारला. प्रश्नाला पार्श्वभूमी लागत होती, ती दिली. पार्श्वभूमी संपायच्या आत सत्र संपलं. पण सगळ्या सभागृहाने मान वळवून पाहिलं. चेहरा लक्षात राहिला असणार.

पद्धत थोडक्यात, विसरू नये म्हणून. रोज सकाळी टीमची पंधरा मिनिटं मिटिंग, ती उभ्याने. तिला स्टँड-अप म्हणायचं. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत तोडायचं. तुकड्याला स्प्रिंट म्हणायचं. प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी गिऱ्हाइकाला चालणारं सॉफ्टवेअर दाखवायचं. सोपं आहे. नाशकात कोणाला सुचलं नाही एवढंच.

१५ नोव्हेंबर. नाशिक.

निकम साहेबांसमोर प्रेझेंटेशन. खंडेराव निकम, मूळचे चांदवडचे. आधी ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकायचे, मग कॉम्प्युटर क्लास काढला, मग त्याच दोन खोल्यांना ‘निकम कॉम्प्युटेक’ अशी पाटी लावली. मी त्यांच्याकडे अकरा वर्षं आहे. हे वाक्य लिहिताना पेन जड होतं.

स्लाइड नंबर नऊवर लाइट गेले. आमच्या ऑफिसच्या कॅनडा कॉर्नरला आता दुपारचीही वीजकपात सुरू झाली आहे. उरलेल्या स्लाइड तोंडी सांगितल्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, लय भारी हाय बोरस्ते, पण सह्यगिरीवाल्यांचं कधी देताय?

सह्यगिरी पंप्स म्हणजे अंबड एमआयडीसीतला कारखाना. शेतीचे पंप बनवतात. गोदामात माल किती, कोणती गाडी कुठे चालली, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं आहे. आमची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. मी साहेबांना समजावलं की अ‍ॅजाइलमध्ये तारीख नसते, प्रवास असतो. ते म्हणाले, प्रवास करा ना, पण मार्चएंडला पोचा. भिंतीवरचं कॅलेंडर या वर्षीचं होतं, म्हणून त्यांनी डिसेंबरच्या खाली बॉलपेनने ‘मार्च’ लिहून त्याला गोल केला.

अशा माणसाला सॉफ्टवेअरच्या आर्किटेक्चरचे थर समजावून सांगायचे आहेत मला.

२१ नोव्हेंबर, सोमवार.

पहिला स्टँड-अप. टीम दोघांची. रोहिणी खैरनार, सटाण्याची, एमसीए, आमच्याकडे तीन वर्षं. आणि ओम शिरसाठ, सिडकोतला, नवा, केस फार.

प्रास्ताविक मी केलं. अ‍ॅजाइलचा इतिहास, मूल्यं, बंगलोरचा अनुभव. मध्येच ओम भिंतीला टेकला. मग खिडकीच्या कट्ट्याला. मग स्टुलावर बसला. रोहिणी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, काल गोदामाच्या नोंदीचं केलं, आज गाड्यांच्या नोंदीचं करते, अडचण नाही. संपलं. विचारात खोली नाही. सटाण्याकडची माणसं कष्टाळू असतात, पण त्यांना व्यापक चित्र दिसत नाही.

जेवायची वेळ झाली तेव्हा मिटिंग संपली. एकूण उत्साह चांगला.

५ डिसेंबर.

आर्किटेक्चर पूर्ण. सात थर. सगळ्यात वर माणसाला दिसणारा स्क्रीन, सगळ्यात खाली डेटाबेस, मध्ये पाच. आखताना जेवणाचं भान राहिलं नाही. गोडाचं मात्र राहिलं. बायकोने, साधनाने, गाजर हलवा केला होता, अपवाद.

मधले पाच थर कशाला, असं ओमने विचारलं. उद्यासाठी, म्हटलं. सह्यगिरीचा कारखाना उद्या दहापट झाला, परदेशात गेला, तर? उद्या ते काय करणार आहेत हे त्यांना विचारलं का, असं त्याने विचारलं. ही पिढी.

रोहिणीने शांतपणे विचारलं, सर, माल बाहेर गेला ही एक नोंद सातही ठिकाणी लिहायची का? हो, म्हटलं. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. एवढी शिस्त तिच्याकडे आहे.

१९ डिसेंबर.

कामाच्या सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या. पिवळ्या म्हणजे करायचं, हिरव्या म्हणजे चालू, गुलाबी म्हणजे झालं. बंगलोरसारखं दिसायला लागलं. साहेबांना हाक मारली. साहेब दारात आले आणि त्याच क्षणी लाइट आले, पंखा पाचावर होता, निम्मा स्प्रिंट उडाला. बराचसा साहेबांच्या अंगावर.

रोहिणीने टाचण्या आणल्या. मी म्हटलं, टाचणी मारली की ती चिठ्ठी हलत नाही, आणि हलली नाही तर अ‍ॅजाइल कसली. ओम म्हणाला, मग पंखा बंद ठेवू या.  उपरोधाला उत्तर देणं आर्किटेक्टचं काम नाही.

गुलाबी चिठ्ठी एकच होती. ‘चिठ्ठ्या आणणे.’

९ जानेवारी २००६.

अ‍ॅजाइलचा नियम: गिऱ्हाइकाने टीमच्या शेजारी बसलं पाहिजे. अंबडला जाऊन सह्यगिरीच्या डिस्पॅचच्या प्रमुख मनीषा देवरे मॅडमना तसं सांगितलं. रोज आमच्या ऑफिसात येऊन बसा. त्या एका हाताने फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडत होत्या. फोन खाली ठेवून म्हणाल्या, बोरस्ते साहेब, मी तुमच्याकडे येऊन बसले तर इथं गाड्या कोण भरणार? त्यापेक्षा तुमचंच कोणीतरी पाठवा ना माझ्याकडे. कोपऱ्यात टेबल देते, चहा देते.

मूळ कल्पना माझीच होती, फक्त दिशा बदलली. रोहिणीला उद्यापासून अंबडला पाठवतोय. एका अर्थी बरं. स्टँड-अपला तिचं गप्प राहणं आता खटकायला लागलं होतं.

३ फेब्रुवारी.

रेट्रोस्पेक्टिव्ह घेतलं. म्हणजे मागे वळून पाहणं. नाव न घालता प्रत्येकाने कार्डावर लिहायचं: काय चालू ठेवावं, काय थांबवावं. मोकळेपणा यावा म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

‘चालू ठेवावं’ खाली एक कार्ड: चहा. एक कार्ड: अंबड.

‘थांबवावं’ खाली एक कार्ड: स्टँड-अपमधलं भाषण. दुसरं कार्ड: बोरस्ते सर थोडं.

‘बोरस्ते सर थोडं’ म्हणजे काय? वाक्य अपुरं आहे. बोरस्ते सरांनी थोडं थांबावं, विश्रांती घ्यावी, फार राबतात, असा अर्थ निघतो. साधनाला दाखवलं. ती तिच्या शाळेच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होती. वाचलं आणि म्हणाली, हो, तसाच असेल. लाल पेन मात्र थांबलं होतं.

तिसरं कार्ड माझंच होतं. ‘चालू ठेवावं: दूरदृष्टी.’

१३ मार्च, सोमवार.

धक्का. अंबडला अचानक गेलो. डिस्पॅचच्या टेबलावर स्क्रीन चालू. गाडीचा नंबर टाकला की मालाची यादी, यादी तपासली की चिठ्ठी छापून हातात, चिठ्ठी घेऊन ड्रायव्हर गेटवर. मनीषा मॅडम म्हणाल्या, आता पंधरा दिवस हेच वापरतोय, तुमच्या रोहिणीने फार छान करून दिलं.

माझ्या रोहिणीने! बाहेर घेऊन विचारलं, थर कुठे आहेत? म्हणाली, सर, दोनच आहेत. स्क्रीन आणि डेटाबेस. मॅडमना घाई होती म्हणून तात्पुरतं केलं, मग त्यांनी सोडलंच नाही. तुम्हाला दोनदा मेल केला होता. मी म्हटलं, त्या मेलना विषय नव्हता. विषय होता सर, म्हणाली, ‘चालतंय’.

चालतंय! टपरीसुद्धा चालते. तिला नीट समजावून सांगितलं की चालणं आणि आर्किटेक्चर या वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, पण त्यांचं काम होतंय ना सर. डोळ्यांत अहंकार नव्हता, हे मान्य करतो. तेच जास्त लागलं.

निर्णय: सात थरांचं तयार झालं की तिचं काढायचं.

३१ मार्च.

मार्चएंड. साहेबांना सांगितलं की अंदाज म्हणजे वचन नव्हे. साहेब म्हणाले, पण मनीषा मॅडम तर खूश हायेत, मग अडलं कुठं? त्यांना कसं सांगू की गिऱ्हाईक चुकीच्या गोष्टीवर खूश आहे.

१० एप्रिल.

पुण्यात नोव्हेंबरमध्ये अ‍ॅजाइल परिषद. निबंध मागवले आहेत. शीर्षक मला आंघोळ करताना सुचलं: ‘सात थर, एक टीम: औद्योगिक वसाहतीतील अ‍ॅजाइल क्रांती’. दोन बैठकांत लिहून काढलं. शेवटचा परिच्छेदही लिहिला: ‘...आणि गिऱ्हाईक नव्या प्रणालीवर यशस्वीपणे स्थलांतरित झालं.’ आता फक्त तेवढं घडायचं राहिलं आहे.

तारीख ठरवली. २७ एप्रिल. सकाळी रोहिणीचं बंद, माझं सुरू.

रोहिणी म्हणाली, सर, आठवडाभर दोन्ही शेजारी शेजारी चालवू. आकडे जुळले की जुनं काढू. पंपांचा सीझन आहे, रोज गाड्या आहेत. मी तिला आठवण करून दिली की धैर्य हे अ‍ॅजाइलचं मूल्य आहे. ती म्हणाली, धैर्य आहे सर, पण गाड्या मॅडमच्या आहेत. हे उर्मट होतं. पण सोडून दिलं.

२६ एप्रिल.

उद्या मेहुणीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला जायचं आहे. साधनाने महिन्यापूर्वी सांगितलं होतं, असं ती म्हणते. तारखा एकत्र आल्या. पण विचार केल्यावर हे योग्यच वाटलं. अ‍ॅजाइल टीम स्वयंशासित असते. नेत्याने समोर उभं राहिलं की टीम परावलंबी होते. फोन बंद ठेवणार आहे. तत्त्व म्हणून.

रोहिणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, सर, फोन तरी चालू ठेवा. हसून तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. नेते असंच करतात.

२७ एप्रिल, गुरुवार. येवला.

पैठणी सुंदर. अंजिरी, मोराचा पदर. मागावर बसलेल्या बाई एका पदराला किती वेळ लागतो ते सांगत होत्या, मी त्यांना म्हटलं, हे तुकड्यातुकड्यांत गिऱ्हाइकाला दाखवता का? त्या म्हणाल्या, अर्धी साडी नेसून कोण बघणार, दादा? दृष्टांत म्हणून भाषणात वापरता येईल. अजून कोणत्या बाजूने वापरायचा ते ठरवायचं आहे.

येताना साधना एसटीत म्हणाली, अहो, फोन लावून बघा एकदा त्या मुलीला, एकटी असेल. तत्त्व सांगितलं. 

२८ एप्रिल.

फोन सुरू केला. एकोणीस कॉल येऊन गेल्याचे मेसेज आणि त्यानंतर एकही नाही.

झालं ते असं. चौथा थर आणि पाचवा थर यांत मालाचे नंबर उलटेसुलटे झाले. चांदवडच्या डीलरचे पंप नागपूरच्या गाडीत चढले. नागपूरचे कुठे गेले ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही. गेटबाहेर रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग. ड्रायव्हर उन्हात बोंबलत होते. दुपारी रोहिणीने कोणाला न विचारता माझं बंद केलं, तिचं जुनं सुरू केलं, आणि मॅडमबरोबर गोदामात उभं राहून एकेक गाडी हाताने तपासली. आज सकाळपासून सगळं सुरळीत.

कोणाला न विचारता. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

२ मे.

सह्यगिरीच्या मालकांचा साहेबांना फोन. ऑर्डर रद्द. साहेबांचा आवाज मी अकरा वर्षांत एवढा बारीक ऐकला नव्हता. म्हणाले, बोरस्ते, हे कुणामुळं झालं ते मला लेखी द्या.

परिषदेत शिकलो होतो की चूक झाली की माणसाकडे बोट दाखवायचं नाही. म्हणून मेलमध्ये एकाही माणसाचं नाव घातलं नाही. फक्त लिहिलं: ‘मान्य आर्किटेक्चरच्या बाहेरचा कोड आर. के. यांच्या स्तरावर परवानगीशिवाय चालू होता. त्यामुळे गोंधळ निर्माण झाला.’ आद्याक्षरं आहेत, नाव नाही. ऑफिसात आर. के. एकच आहे हा योगायोग.

वाचून पाहिलं. एकही विधान खोटं नाही. पाठवलं.

५ मे.

साहेबांनी रोहिणीला महिनाअखेरपर्यंतच कामावर यायला सांगितलं. तिने त्यांच्यापुढे काही वाद घातला नाही असं कळलं. म्हणजे तिलाही पटलं असावं.

दुपारी माझ्या टेबलापाशी आली. बस म्हटलं, बसली नाही. म्हणाली, सर, ती आर. के. मीच ना? मी समजावलं की मेलमध्ये व्यक्ती नाही, भूमिका आहे. ती म्हणाली, मग महिनाअखेरीला भूमिका जाणार का सर, की मी? 

मी पाणी प्यायलो. ती वाट पाहत राहिली. म्हणाली, त्या दिवशी एक फोन उचलला असता तर बरं झालं असतं, मला काय बोलायचं तेच सुचत नव्हतं त्या लोकांपुढे. मग म्हणाली, बाबांना काय सांगू तेवढं सांगा, त्यांना वाटेल मी चोरी केली. मी म्हटलं, सांग की प्रोसेस बदलली.

गेली. ओम माझ्याकडे बघत होता. त्याला काम नाही का विचारलं. नाही, म्हणाला. ऑर्डर रद्द झाल्यापासून खरंच नाही.

मला वाईट वाटलं हे इथे नोंदवून ठेवतो.

८ मे.

स्टँड-अप. रोहिणी रजेवर, म्हणून ओम आणि मी. ओम बोलला नाही. त्यामुळे पहिल्यांदाच पंधरा मिनिटांत संपला. पद्धत रुजते आहे.

१७ जुलै.

निबंध स्वीकारला! पुणे, नोव्हेंबर. वीस मिनिटं, जेवणाच्या आधीचं सत्र, छोटं सभागृह. साधनाला शाळेत फोन केला. तिने अभिनंदन केलं. मग विचारलं, पण अंबडचं काम तर गेलं ना? मग तिथे काय सांगणार? मी म्हटलं, अपयशातून मिळालेला धडा हेच यश. ती म्हणाली, धडा कोणाला मिळाला? तिकडे घंटा झाली. तास होता तिचा.

२१ ऑगस्ट.

ओमचा राजीनामा. रोहिणीने अंबडला एक गाळा भाड्याने घेतला आहे म्हणे. सह्यगिरीचं काम मनीषा मॅडमनी सरळ तिला दिलं. शेजारचा बेअरिंगवालाही तिच्याकडे गेला. ओम तिथे चालला. गाळ्यात कसलं आलंय आर्किटेक्चर, म्हटलं. तो म्हणाला, खिडकी आहे सर.

बुद्धिबळातल्या राजासारखी माझी स्थिती आहे. प्यादी गेली तरी राजा तो राजाच.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. पुणे.

भाषण झालं. अखेर.

नवा कोट. साधनाने इस्त्री करून दिला, यायला मात्र जमलं नाही, वार्षिक तपासणी होती. सभागृहात लोक बऱ्यापैकी. मागच्या रांगा भरलेल्या. नंतर कळलं की मागच्या दाराबाहेर जेवणाची टेबलं होती.

पैठणीचा दृष्टांत दिला. हसले नाहीत, पण तो विनोद नव्हताच. शेवटची स्लाइड: ‘गिऱ्हाईक समाधानी’. हे अगदी खोटं म्हणता येणार नाही. मनीषा मॅडम आज समाधानीच आहेत.

मग दुसऱ्या रांगेतला एक पोरगेलासा माणूस उठला. नम्रपणे विचारलं, सर, ते सॉफ्टवेअर आज चालू आहे का? मी म्हटलं, ‘चालू’ची व्याख्या काय करता त्यावर ते आहे. लोक हसले. हजरजबाबीपणा असा उपयोगी पडतो. तो मात्र हसला नाही. म्हणाला, म्हणजे ज्यांच्यासाठी केलं ते सकाळी आल्यावर उघडतात का? तेवढ्यात संयोजकांनी वेळ संपल्याची खूण केली. संयोजनात अशी शिस्त हवी.

भेट म्हणून कॉफीचा मग. कडेला टवका उडालेला. मागे वळून पाहिलं तेव्हा सभागृह रिकामं. जेवणाच्या रांगेत त्या मुलाच्या मागे उभा राहिलो. बोलायची संधी द्यावी म्हणून. तो फोनवर बोलत होता.

२८ डिसेंबर.

साहेबांनी आत बोलावून चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाले, बोरस्ते, नव्या वर्षापासून आपण नुसतं हार्डवेअर विकू. प्रिंटर, इन्व्हर्टर. या लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरला मरण नाय. तुम्ही लय शिकलेले, तुम्हाला इथं कोंडून ठेवणं बरं नव्हे. दुसरीकडं बघा.

मी विचारलं, जाण्याआधी अनुभवाच्या दाखल्यावर ‘चीफ आर्किटेक्ट’ लिहाल का? म्हणाले, काय पायजे ते लिहून आणा, सही करतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझी एक मागणी हुज्जत न घालता मान्य केली.

चहा गार झाला होता तरी प्यायलो. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. की तपकीर.

२२ जानेवारी २००७.

पुण्याला मुलाखत. कंपनी मोठी, काच फार. समोरची मुलगी रोहिणीच्या वयाची. कागद-पेन्सिल पुढे केली, म्हणाली, एक लहानसा प्रोग्रॅम लिहून दाखवा. मी तिला विचारलं, ताजमहाल बांधणाऱ्याला वीट पाडायला सांगाल का? तिने पेन्सिल परत घेतली. आभार मानले. कळवतो, म्हणाली.

१२ फेब्रुवारी.

कळवलं नाही.

साधना म्हणाली, शाळेत कॉम्प्युटरचे तास घ्यायला माणूस हवाय, विचारू का? मी म्हटलं, विचारू नकोस. तिने आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, वय जास्त आहे.

२० फेब्रुवारी.

अंबडला गेलो. कोणालाही दाखवता येईल असं मनीषा मॅडमचं एक शिफारसपत्र हवं होतं. मला वाटलं, गेटवरच अडवतील. पण आत बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. शिफारसपत्राचा विषय काढला तर त्यांनी समोरची डिस्पॅचची वही मिटली. मग म्हणाल्या, बोरस्ते साहेब, खोटं लिहिता येत नाही हो मला. आणि खरं लिहिलं तर तुमच्या उपयोगाचं नाही.

मी उठलो. तेव्हा म्हणाल्या, थांबा. तुम्ही बोलता छान. मार्चमध्ये आमच्याकडे सुरक्षा सप्ताह असतो, कामगारांपुढे कोणीतरी बोलायला लागतं. याल?

मुख्य वक्ता म्हणून निमंत्रण! कारखान्याने स्वतःहून! घरी सांगितलं तर साधना म्हणाली, तो कोट घालू नका, तिथे ऊन फार असतं.

कोट घालणार आहे.

६ मार्च २००७, मंगळवार.

भाषण झालं. पहिली पाळी सुटायची आणि दुसरी चढायची त्या वेळेला ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं मिळतात. शेडमध्ये सतरंज्या. पुण्यात होते त्यापेक्षा दुप्पट लोक. शाल, नारळ, गुलाबाचं फूल. मॅडमनी ओळख करून दिली: आपले जुने परिचित. ‘जुने’ गाळलं असतं तरी चाललं असतं.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे हे पटकन आटोपलं आणि मूळ विषयाला हात घातला. अपघात झाला की माणूस शोधू नका, कारण शोधा, म्हटलं. पुढे बसलेल्या एकाच्या दोन बोटांना पट्टी होती, त्याने मान हलवली. मग त्याच्या शेजारच्याने. खरोखर ऐकत होते. इतक्या वर्षांत असं कोणी ऐकलं नव्हतं. बाजूच्या डिस्पॅचच्या केबिनमध्ये काचेपलीकडे रोहिणी दिसली. कामाला आली असावी. तीही थांबून ऐकत होती. आवाज चढला. म्हणालो, सगळ्यात सोपं काय असतं, तर जो तिथे उभा होता त्याच्यावर ढकलून मोकळं व्हायचं.

आणि सगळे उभे राहिले. अख्खी शेड, एकदम.

 हात जोडले. जोडलेलेच होते तेव्हा भोंगा ऐकू आला. माइकमुळे आधी कानावर आला नव्हता. दुसरी पाळी मशीनकडे गेली, पहिली बसकडे. पट्टीवाला जाता जाता सतरंजीचं टोक उचलून म्हणाला, साहेब, जरा बाजूला व्हा.

रोहिणी पाण्याची बाटली घेऊन आली. सर, पाणी घ्या. साधना मॅडम कशा आहेत? मग म्हणाली, आता बस नाही सर, मी सोडते. तिची स्कूटी. मागे बसलो, कोटात, मांडीवर नारळ. वाटेत तिने गाळा दाखवला. पाटी लहान आहे. ओम दारात उभा होता, त्याने हात केला.

त्रिमूर्ती चौकात सिग्नल लागला. वाटलं, विषय निघालाच आहे तर स्पष्ट करावं. म्हटलं, रोहिणी, तो मेल, त्या वेळची प्रोसेसच अशी होती की... मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. ती म्हणाली, सर, नारळ घट्ट धरा, पुढे खड्डे आहेत.

ऐकू गेलं नसणार. नाहीतर काहीतरी बोलली असती.

इंदिरानगरला घराच्या कोपऱ्यावर उतरवलं. वर ये, चहा घे, म्हटलं. नको सर, म्हणाली, गाडी भरायची आहे. वळवून गेली.

साधना दारातच होती. कसं झालं, म्हणाली.

म्हटलं, सगळे उठून उभे राहिले.